थेंब घालायच्या आधी बाहुल्या कशा तपासायच्या? गर्दीच्या ओपीडीसाठी मदत हवी

नौपाडा_ऑप्टोम

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. आमचा क्रम बहुतेक ठिकाणी असतो तसाच: नंबर काढायचा, प्रेशर बघायचं, बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे, पेशंटला अर्धा तास बाकावर बसवायचं आणि मग आत पाठवायचं. डॉक्टरांसमोर पेशंट जातो तेव्हा दोन्ही बाहुल्या फुललेल्या असतात. म्हणजे बाहुल्यांची तपासणी अशी कुणीच केलेली नसते.

आता एक न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट (डोळा आणि मेंदू यांच्या नसांच्या तज्ज्ञ) मॅडम आठवड्यातून एकदा येऊ लागल्या आहेत. त्यांनी सांगितलंय की कुठल्याही नव्या पेशंटच्या बाहुल्या तपासून, आकडे लिहूनच थेंब घालायचे. मला ते पूर्ण पटलंय, पण सकाळच्या गर्दीत प्रत्येकामागे जेमतेम दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात खात्रीची तपासणी कशी करायची? लहान-मोठ्या बाहुल्या दिसल्या तर कोणाला त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं आणि कोणाला निवांत तारीख द्यायची? थेंबांच्या ज्या चाचण्या पुस्तकात असतात, त्या इथे मिळणाऱ्या औषधांत कशा करायच्या? शिवाय मॅडमबरोबर येणाऱ्या रेसिडेंटला या शाखेत पुढे जायचंय. बाहुल्यांवरचं मूळ काम कुणी केलं आणि इकडे राहून काय संशोधन करता येईल, यावरही कोणी लिहिलं तर तिला दाखवीन.

नेरूळ_नेत्र

मॅडमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. डोळ्याच्या नसेच्या आजाराचा यंत्राशिवाय मिळणारा पुरावा बाहुलीत असतो आणि ट्रॉपिकामाइडचा (बाहुली मोठी करणाऱ्या औषधाचा) एक थेंब तो चार-सहा तासांसाठी पुसून टाकतो. पेशंट नेरूळहून किंवा कल्याणहून आलेला असेल तर तो 'उद्या परत या' म्हटल्यावर येतोच असं नाही.

दोन मिनिटांत जमतं. क्रम असा ठेवा.

खोलीतली ट्यूबलाइट चालू असताना आधी दोन्ही डोळे नुसते बघा. पापणी पडलीय का? बुबुळाचा रंग दोन्हीकडे सारखा आहे का? पेशंटला लांबच्या तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षर बघायला सांगा आणि ते शेवटपर्यंत सोडू देऊ नका. निम्म्या चुका इथेच होतात. आपण टॉर्च घेऊन समोर उभे राहतो, पेशंट आपल्या तोंडाकडे बघतो, जवळ बघितल्यामुळे बाहुल्या बारीक होतात, आणि आपण लिहितो 'उजेडाला प्रतिसाद आहे'. तो उजेडाचा प्रतिसाद नसतोच. म्हणून बाजूला उभे राहा आणि टॉर्च थोडी खालून मारा.

मग मिलिमीटरची पट्टी डोळ्याच्या कडेला धरून उजेडातला आकार लिहा. त्यानंतर दिवे बंद, पडदा ओढलेला, आणि अंधारातला आकार. आपल्याकडे बुबुळं गडद तपकिरी असल्यामुळे अंधारात बाहुलीची कडच दिसत नाही. त्यावर चांगला उपाय म्हणजे डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्यात बघायचं हातातलं उपकरण. तो हातभर अंतरावर धरा, उजेड अगदी मंद ठेवा, आणि दोन्ही बाहुल्यांची लाल झाक एकाच वेळी बघा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही लगेच कळतो.

आता टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेण्याची चाचणी. प्रत्येक डोळ्यावर मोजून तीन सेकंद, नाकावरून झटकन पलीकडे, असं चार-पाच वेळा. उजेड डोळ्यावर पोचल्यावर पहिली हालचाल कोणती होते तेवढंच बघायचं. निरोगी डोळ्यात बाहुली आधी किंचित आकसते, मग थोडी सुटते. नस कमजोर असेल तर उजेड त्या डोळ्यावर येताच बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी होते. हाच आरएपीडी (रिलेटिव्ह अफरंट प्युपिलरी डिफेक्ट).

चुका कुठे होतात तेही सांगतो. एका डोळ्यावर पाच सेकंद आणि दुसऱ्यावर दोन सेकंद टॉर्च धरली तर डोळ्यातला पडदा (रेटिना) असमान थकतो आणि खोटा आरएपीडी दिसतो. मोबाइलचा फ्लॅश वापरू नका; तो पसरतो आणि दोन्ही डोळे एकदम उजळतात. सेल उतरलेली टॉर्चही नको. पडदा तपासताना डोक्यावर बांधतात तो इनडायरेक्टचा हेडलॅम्प सर्वांत उत्तम. तिरळा डोळा असेल तर त्या डोळ्याच्या रोखाने सरळ उजेड टाका, नाहीतर प्रकाश तिरका पडून प्रतिसाद कमी दिसेल. काही तरुण पेशंटच्या बाहुल्या एकसारख्या आत-बाहेर होत राहतात. ते नॉर्मल आहे, त्याला आरएपीडी समजू नका.

शंका असेल तर ०.३ लॉग युनिटचा न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी काच) घ्या. तो उजेड निम्मा करतो. तो आधी उजव्या डोळ्यासमोर, मग डाव्यासमोर धरून तीच चाचणी करा. दोन्ही वेळा सारखाच फरक पडला तर आरएपीडी नाही. एकाच बाजूला धरल्यावर स्पष्ट आरएपीडी उमटला आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तर शंका खरी होती. मोजायचं असेल तर चांगल्या डोळ्यासमोर ०.३, ०.६, ०.९ असे फिल्टर वाढवत न्या, आणि दोन्हीकडची हालचाल सारखी झाली की तो आकडा लिहा. 'एक प्लस, दोन प्लस' याचा अर्थ दर डॉक्टरागणिक बदलतो. आकडा बदलत नाही.

एक बाहुली जखमेमुळे किंवा आधी घातलेल्या थेंबामुळे हलतच नसेल तरी चाचणी सोडू नका. चालत्या बाहुलीकडेच नजर ठेवा. उजेड बिघडलेल्या बाजूला नेल्यावर ती मोठी झाली तर दोष त्या बाजूच्या नसेत, आणि उजेड तिच्यावरच आल्यावर मोठी झाली तर दोष तिच्याच डोळ्यात.

मोतीबिंदूच्या शिबिरांत काम करणाऱ्यांसाठी खास सांगतो. मोतीबिंदू कितीही पिकला तरी त्याच्यामुळे त्या डोळ्यात आरएपीडी येत नाही. पांढराशुभ्र मोतीबिंदू आणि सोबत आरएपीडी असेल तर मागे पडदा सुटलेला असेल, काचबिंदूने नस गेली असेल किंवा आणखी काही. बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) करा आणि नातेवाइकांशी ऑपरेशनच्या आधी स्पष्ट बोला.

घोडबंदर_न्यूरो

नेरूळकर सरांनी तपासणी उत्तम मांडलीय. मी धावपळ कधी करायची तेवढं लिहितो.

पहिला प्रश्न नेहमी एकच: फरक अंधारात वाढतो की उजेडात? उजेडात वाढत असेल तर मोठी बाहुली आकसत नाहीये, म्हणजे दोष मोठ्या बाहुलीत. अंधारात वाढत असेल तर लहान बाहुली फुलत नाहीये. उजेडात आणि अंधारात फरक सारखाच राहिला, एक मिलिमीटरच्या आत राहिला आणि उजेडाला दोन्ही झटकन आकसल्या, तर तो बहुधा जन्मजात स्वभाव. साधारण पाचांतल्या एका निरोगी माणसात ०.४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक सापडतो. जुने फोटो मागा. आधारवरच्या फोटोत काही दिसत नाही, पण लग्नाच्या अल्बममधला जवळून काढलेला फोटो मोठा करून बघितला की बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो.

आता मोठी बाहुली. तिच्यासोबत पापणी पडलेली असेल, डोळा आत किंवा वर वळत नसेल, दोन-दोन दिसत असेल, तर ती मेंदूतून येणारी तिसरी नस, म्हणजे डोळा हलवणारी, पापणी उचलणारी आणि बाहुली आकसवणारी नस, बिघडलीय. डोकं दुखत असो वा नसो, पेशंटला त्याच दिवशी पाठवायचं. मेंदूच्या पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनीवरचा फुगा या नसेला वरच्या बाजूने दाबतो, आणि बाहुलीचे धागे नसेत वरच्या थरातच असल्यामुळे बाहुली लवकर जाते. फुगा फुटला तर जीव जातो. अशा पेशंटला आधी एमआरआय सेंटरला पाठवून रिपोर्टची वाट बघत बसू नका. जिथे चोवीस तास सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत तिथेच थेट पाठवा. संध्याकाळी घोडबंदर रोडवर दोनदा ये-जा करण्यात वाया जाणारा वेळ त्या पेशंटजवळ नसतो.

मधुमेहात नसेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून तिसरी नस जाते. तेव्हा बाहुली बहुधा वाचते आणि साधारण तीन महिन्यांत डोळा पूर्ववत होतो. पण 'बहुधा' हा शब्द लक्षात ठेवा. अशांपैकी काहींत बाहुली थोडी मोठी असतेच, म्हणून नुसत्या साखरेच्या रिपोर्टवर निश्चिंत होऊ नये. पापणी अर्धवटच पडलीय, डोळा थोडा हलतोय आणि बाहुली ठीक आहे, अशा अपुऱ्या चित्रातही तपासणी करूनच घ्यावी.

याउलट, पेशंट चालत-बोलत आलाय, पापणी जागेवर आहे, डोळे सगळीकडे फिरतात आणि एकच बाहुली मोठी आहे, तर मेंदूतला फुगा जवळजवळ नसतोच. तिथे घाबरवण्याआधी प्रश्न विचारा. दम्यासाठी नेब्युलायझर घेतला का? औषधात इप्राट्रोपियम असेल आणि मास्क नाकाशी घट्ट बसला नसेल, तर वाफ एका डोळ्यात जाते आणि बाहुली एक-दोन दिवस मोठी राहते. घरातल्या कुणाचे डोळ्याचे थेंब हाताळले का? आणि बागकाम किंवा पूजा? महाशिवरात्रीला कौपिनेश्वराला निघालेल्यांच्या ताटात बेलाशेजारी धोतऱ्याची फुलं-फळं असतात. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि हायोसिन असतं. फळ फोडलं किंवा देठ मोडला आणि त्याच बोटाने डोळा चोळला की काही वेळात बाहुली फुलते, जवळचं धूसर होतं, आणि दुसऱ्या दिवशी घरचे स्ट्रोकच्या धास्तीने पेशंटला घेऊन येतात. हा एक प्रश्न विचारला तर एमआरआय वाचतो.

लाल, दुखरा डोळा, उलट्या, दिव्याभोवती वलयं आणि मध्यम फुललेली, न हलणारी बाहुली म्हणजे अचानक वाढलेला काचबिंदू. अशा पेशंटचं डोकं दुखतं म्हणून तो कधी कधी माझ्याकडे येतो. डोळ्याला हात लावला तरी कळतं, गोटीसारखा कडक असतो.

लहान बाहुली, त्याच बाजूला पापणी एक-दोन मिलिमीटर खाली आणि खालची पापणी किंचित वर, हे हॉर्नर. दिवे बंद केल्यावर पाचव्या सेकंदाला आणि पंधराव्या सेकंदाला फोटो काढा. हॉर्नरमध्ये पाचव्या सेकंदाला फरक जास्त दिसतो आणि पंधराव्याला कमी होतो, कारण ती बाहुली फुलते पण रेंगाळत फुलते. मान, जबडा किंवा डोळा दुखत असेल तर मानेतल्या कॅरोटिड धमनीचा आतला थर फाटलाय असं धरूनच पुढचं करा: त्याच दिवशी, महाधमनीच्या कमानीपासून डोक्यापर्यंत अँजिओ. दुखत नसेल तरी छातीच्या वरच्या टोकापर्यंत स्कॅन हवा, कारण बाहुली फुलवणारी सिंपथेटिक नस मेंदूतून निघून मणक्यात उतरते, फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळते आणि कॅरोटिडला बिलगून परत वर चढते. एवढ्या लांबच्या वाटेत कुठेही अडथळा असू शकतो. तंबाखू-विडी ओढणाऱ्याच्या खांद्यात कळ येत असेल तर फुप्फुसाचा शेंडा नक्की बघा. लहान मुलात जखमेशिवाय हॉर्नर आढळलं तर मान, छाती आणि पोटाचा स्कॅन, सोबत लघवीची तपासणी, कारण न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांतला एक कॅन्सर) सोडून चालत नाही.

नौपाडा_ऑप्टोम

खूप उपयोग झाला, आभार. धोतऱ्याचं तर आमच्या डोक्यातच नव्हतं. थेंबांच्या चाचण्यांबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे पायलोकार्पिन २ टक्के आहे आणि डायलेट करायची (बाहुली मोठी करायची) नेहमीची बाटली आहे. बाकी काही नाही.

वाशी_ड्रॉप्स

तुमच्याकडे आहे त्यातून अर्ध्याहून जास्त काम होईल.

आधी एक अट. ज्या दिवशी थेंबांची चाचणी करायची त्या दिवशी तत्पूर्वी कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराला) काहीही टेकवायचं नाही. सुन्न करायचा थेंब घालून अ‍ॅप्लनेशनने (म्हणजे डोळ्याला यंत्र टेकवून) प्रेशर घेतलं की वरचा थर थोडा मोकळा होतो, औषध जास्त आत शिरतं आणि निकाल फसवा येतो. हवेच्या झोताचं प्रेशर चालेल. तुमच्या क्रमात प्रेशर आधी आहे, त्यामुळे हे नियम म्हणूनच लिहून भिंतीला लावा.

पायलोकार्पिन २ टक्क्यांचं ०.१२५ टक्के करायचं तर सोळापट पातळ करावं लागतं. २ मिलिच्या निर्जंतुक सिरिंजमध्ये ०.१ मिलि पायलोकार्पिन आणि १.५ मिलि निर्जंतुक सलाइन ओढा, सुई लावून दोन-तीन वेळा उलटसुलट करा, सुई काढून टाका आणि थेंब घाला. हे मिश्रण साठवायचं नाही, त्याच दिवशी फेकायचं. ०.१ मिलि अचूक मोजायला इन्सुलिनची सिरिंज वापरा. ४० युनिटवाल्या सिरिंजवर ४ युनिट म्हणजे ०.१ मिलि, १०० युनिटवाल्यावर १० युनिट. इथे गफलत झाली तर ताकद अडीचपट चुकते. सिरिंजवर छापलेला आकडा वाचूनच मोजा.

थेंब दोन्ही डोळ्यांत घाला, फक्त मोठ्या बाहुलीत नाही. आधीचा आकार ज्या उजेडात मोजला त्याच उजेडात, त्याच खुर्चीवर, ३० ते ४५ मिनिटांनी पुन्हा मोजा. एवढ्या सौम्य औषधाने निरोगी बाहुली फारशी हलत नाही. मोठी बाहुली ठळकपणे आकसली आणि दुसरीपेक्षा बारीक झाली तर ती अ‍ॅडीची टॉनिक बाहुली असण्याची शक्यता दाट. सिलिअरी गँग्लियॉनमधून (डोळ्यामागच्या नसपेशींच्या गाठीतून) येणारे तंतू तुटल्यावर स्नायू औषधाला अतिसंवेदनशील होतो, म्हणून असं घडतं. बहुतेक पेशंट वीस ते चाळीस वयाच्या स्त्रिया. स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) बाहुलीची कड एका भागात आकसते आणि दुसऱ्या भागात निश्चल राहते. जवळ बघितल्यावर बाहुली हळू पण जोरात आकसते आणि लांब बघितल्यावर सावकाश सुटते. गुडघ्याचा झटका बघायला विसरू नका, तो बऱ्याचदा गेलेला असतो.

एक सावधगिरी. तिसऱ्या नसेच्या आजारातही बाहुली या पातळ पायलोकार्पिनला कधी कधी आकसते. म्हणून पापणी आणि डोळ्यांची हालचाल तपासल्याशिवाय 'अ‍ॅडी आहे, घाबरू नका' असं पेशंटला सांगू नका.

पातळ औषधाने काहीच झालं नाही तर २ टक्के आणि सलाइन समसमान मिसळून १ टक्का करा. तिसऱ्या नसेची बाहुली यात आकसते. धोतरा, अ‍ॅट्रोपिन किंवा इप्राट्रोपियमने अडवलेली बाहुली आकसत नाही किंवा अगदी कमी आकसते. पण औषधाचा अंमल उतरत आला असेल तर थोडी आकसते, आणि मार लागून बाहुलीचा स्नायू फाटला असेल तर तीही आकसत नाही. म्हणून आधी स्लिट लॅम्पखाली कडेला खाचा आहेत का ते बघा.

हॉर्नरसाठी अ‍ॅप्राक्लोनिडीन ०.५ किंवा १ टक्का. मिळालं तर उत्तम. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, ४५ मिनिटांनी बघा. हॉर्नरची लहान बाहुली मोठी होते, पापणी उचलली जाते आणि लहान-मोठेपणा उलटतो. स्नायूला ही संवेदनशीलता यायला काही दिवस लागतात, त्यामुळे कालच मानेत कळ आली असेल आणि आज चाचणी निगेटिव्ह आली तर तिला काही अर्थ नाही, स्कॅन कराच. एक वर्षाखालच्या बाळात हा थेंब घालू नका. बाळ गुंगीत जाऊ शकतं, श्वास मंदावू शकतो.

पुस्तकातली कोकेनची चाचणी अमली पदार्थांच्या कायद्यामुळे खाजगी दवाखान्यात व्यवहारात येत नाही, ती सोडून द्या. हॉर्नरचा दोष मानेतल्या सिंपथेटिक गँग्लियॉनच्या पुढे आहे का हे बघायचं तर फेनिलेफ्रिन १ टक्का वापरतात. नुसत्या फेनिलेफ्रिनची १० टक्क्यांची बाटली असेल तर ०.१ मिलि आणि ०.९ मिलि सलाइन. तुमची डायलेट करायची बाटली मात्र इथे चालणार नाही. तिच्यात ट्रॉपिकामाइड मिसळलेलं असतं, त्यामुळे दोन्ही बाहुल्या फुलतील आणि काहीच कळणार नाही. एका दिवशी एकच चाचणी करा.

खारघर_संशोधक

रेसिडेंट मॅडमसाठी लिहितो.

हॉर्नर आणि आर्गाइल रॉबर्टसन दोघेही डोळ्यांचे डॉक्टर, एक झुरिकचा, दुसरा एडिनबर्गचा, आणि दोघांच्या नावाच्या बाहुल्यांची वर्णनं एकाच वर्षी, १८६९ मध्ये छापली गेली. टॉर्च फिरवण्याची आजची पद्धत पॉल लेव्हॅटिन यांनी १९५९ मध्ये मांडली. तिच्यामागची मूळ खूण लंडनच्या मार्कस गन यांनी आधीच टिपली होती. पण या खुणेला मोजमाप दिलं ते आयोवा विद्यापीठाच्या एच. स्टॅन्ली थॉम्प्सन यांनी. १९८१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर लावून आरएपीडी लॉग युनिटमध्ये मोजायची पद्धत लिहिली, आणि नेरूळकरांनी वर सांगितलेली ०.३ची पायरी तिथूनच आलीय. निरोगी माणसांत बाहुल्यांचा फरक किती असतो, हॉर्नरच्या चाचणीत कोणता आकडा ग्राह्य धरायचा, हे प्रश्नही आयोवाच्या गटाने शांतपणे, फोटो काढून, मोजून सोडवले. कोकेन चाचणीनंतर ०.८ मिलिमीटर फरक उरला तर हॉर्नर, हा आकडा तिथलाच.

त्याआधी न्यूयॉर्कमध्ये ऑटो लोवेनस्टाइन आणि आयरीन लोवेनफेल्ड यांनी इन्फ्रारेड उजेडात बाहुलीची हालचाल नोंदवणारं यंत्र उभं केलं. लोवेनफेल्ड यांनी बाहुलीवरचं सगळं ज्ञान १९९३ मध्ये दोन जाडजूड खंडांत आणलं. एका स्नायूच्या कड्यावर आयुष्य वाहिलेली बाई. ते खंड एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाले तर निदान चित्रं तरी बघा.

पुढचा मोठा टप्पा अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला. १९९८ मध्ये बेडकाच्या कातडीतल्या पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाशाला ओळखणारं प्रथिन सापडलं. २००२ मध्ये कळलं की डोळ्याच्या पडद्यातल्या थोड्या गँग्लियॉन पेशींत तेच असतं आणि त्या रॉड-कोनच्या (पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या नेहमीच्या पेशींच्या) मदतीशिवायही उजेड ओळखून बाहुलीला कळवतात. लेबर आनुवंशिक नसेच्या आजारात नजर पार गेलेली असूनही बाहुली चांगली हलते, त्याचं एक कारण इथे सापडतं. या पेशी निळ्या उजेडाला, सुमारे ४८० नॅनोमीटरला, जास्त प्रतिसाद देतात. म्हणून आज लाल आणि निळ्या उजेडाने वेगवेगळी मोजणी करतात: प्रखर निळा उजेड बंद झाल्यावर सहाव्या सेकंदाला बाहुली अजून किती बारीक आहे, त्यावरून या पेशींची तब्येत कळते.

इथे काम करायचं असेल तर एक अडचण आधीच सांगतो. आपल्याकडे पन्नाशीनंतर भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड तिथेच अडतो. मोतीबिंदूची प्रत नोंदवल्याशिवाय निळ्या उजेडाचे आकडे तपासले तर वयाचा परिणाम नसेचा आजार वाटेल. वय स्वतःही बाहुली लहान करतं. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणारे, अफूजन्य वेदनाशामकं घेणारे, बरीच वर्षं मधुमेह असलेले, यांची नोंद वेगळी ठेवा. अंधारात दहा मिनिटं बसवूनच मोजा, आणि सगळ्यांना दिवसाच्या साधारण त्याच वेळी बोलवा. गडद बुबुळांसाठी इन्फ्रारेड कॅमेरा लागतो. साध्या मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो.

माझ्या मते ठाणे-नवी मुंबईत यंत्राशिवायही करण्यासारखा, आणि जास्त निकडीचा, विषय म्हणजे एथॅम्ब्युटॉल. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या दैनंदिन उपचारात नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या (संवेदनशील) टीबीच्या पेशंटला हे औषध पहिल्या दोन महिन्यांनंतर पुढच्या टप्प्यातही चालू राहतं. त्याने डोळ्याच्या नसेला होणारी इजा डोसवर आणि मूत्रपिंडाच्या तब्येतीवर अवलंबून असते, आणि ती बहुतेक दोन महिन्यांनंतर दिसते. ती दोन्ही डोळ्यांत सारखी होते. म्हणूनच आरएपीडी येत नाही, नसेचा रंगही सुरुवातीला नॉर्मल असतो, आणि 'बाहुल्या ठीक, पडदा ठीक' म्हणून पेशंट परत पाठवला जातो. औषध सुरू करतानाच दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी नजर, इशिहाराच्या (रंग ओळखायच्या) पाट्या आणि शक्य असेल तर फील्ड (नजरेच्या परिघाची चाचणी) करून ठेवा. मग दर महिन्याला नजर आणि रंग. लाल-हिरव्यात गोंधळ किंवा मधोमध धूसरपणा आला की त्याच दिवशी छातीच्या डॉक्टरांना फोन. हे आकडे एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन नीट जमवले तर त्यातून उत्तम प्रबंध होईल. कळवा, नेरूळ, कामोठे इथल्या मेडिकल कॉलेजांत टीबीची आणि डोळ्यांची ओपीडी एकाच आवारात आहे, हा मोठा फायदा.

करिअरचं थोडक्यात. एमएस किंवा डीएनबी ऑप्थॅल्मॉलॉजीची तीन वर्षं आणि मग फेलोशिप. चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद ही त्यासाठीची नावाजलेली ठिकाणं. न्यूरॉलॉजीत डीएम करूनही इकडे येता येतं. एका पेशंटला अर्धा-पाऊण तास लागतो आणि ऑपरेशन जवळजवळ नाही, त्यामुळे बहुतेक जण सोबत तिरळेपणा किंवा मोतीबिंदूचं काम ठेवतात. ते आधीच ठरवलेलं बरं. फेलोशिपला जाण्यापूर्वी एमआरआयच्या फिल्म स्वतः वाचायची सवय लावा. रिपोर्टमध्ये 'नॉर्मल ब्रेन' लिहिलेलं असतं आणि ऑर्बिटच्या (डोळ्याच्या खोबणीच्या) फॅट-सप्रेस्ड, म्हणजे चरबीची चमक दाबलेल्या, फिल्म काढलेल्याच नसतात, हे तुम्हालाच पकडावं लागतं.

नौपाडा_ऑप्टोम

सगळ्यांचे मनापासून आभार. रेसिडेंटला दाखवलं, तिने इशिहाराच्या पाट्या आणि टीबीच्या पेशंटसाठी वेगळं रजिस्टर मागितलंय. केसपेपरवर मारायचा जुना शिक्का काढून टाकतोय. नवा रबरी शिक्का असा करायला टाकू का: 'अंधारात उ__ डा__ / उजेडात उ__ डा__ / आरएपीडी __ / पापणी __ / हालचाल __'?

नेरूळ_नेत्र

चांगला आहे. आणखी दोन रकाने घाला. एक 'वेळ', म्हणजे बाहुल्या थेंबाच्या आधी बघितल्या हे कागदावर राहील. दुसरा 'आधी घातलेले थेंब'. काचबिंदूचे पेशंट घरून ब्रिमोनिडीन किंवा पायलोकार्पिन घालून येतात. ब्रिमोनिडीनने अंधारात बाहुली पुरेशी फुलत नाही, आणि ते एकाच डोळ्यात चालू असेल तर अगदी हॉर्नरसारखं दिसतं. शिवाय थेंब घालण्याआधी टॉर्च कानाच्या बाजूने आडवी मारून बुबुळाची नाकाकडची बाजू सावलीत जाते का ते बघा. जात असेल तर डोळ्यातली बुबुळापुढची जागा उथळ आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय डायलेट करू नका.